कॉलरवरचा चिमटा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी तावातावाने बोलायला लागलं की आमचे ढोमसेकाका हाताचा पंजा डोळ्याच्या कडेला उभा धरतात, घाण्याच्या बैलाला झापड बांधावी तसा, आणि त्या माणसापुरतं जग बंद करून टाकतात. मग दुसऱ्या हाताने खिशातून कपडे वाळत घालायचा चिमटा काढतात, शर्टाच्या कॉलरला लावतात आणि उरलेल्यांकडे वळून शांतपणे म्हणतात, "त्या बाजूचं आत्ता ऐकायचं नाही. हं, तुम्ही बोला."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काकांना डोळ्यावर ऊन येतंय. पण मीटिंग पार्किंगमध्ये होती आणि सूर्य केव्हाच मावळला होता. त्या बाजूला होते दोन नंबरमधले चांदवडकर. टँकरच्या पाण्यावरून ते पेटले होते. चांदवडकर तसा माणूस वाईट नाही, फक्त त्यांचा आवाज त्यांच्या आधी पोचतो. काकांनी त्यांना झाकलं, चिमटा लावला आणि मीटिंग पुढे चालू झाली. चांदवडकर थोडा वेळ पंजाशी भांडले आणि मग माणूस भिंतीशी किती भांडणार म्हणून गप्प बसले.

खरी गंमत पुढे आहे. तासाभराने काका चांदवडकरांच्या दाराशी हजर. बेल वाजवली, दार उघडलं, काकांनी कॉलरचा चिमटा काढून खिशात टाकला. "मघाशी तुम्हाला बंद केलं होतं. आता उघडलंय. बोला."

चांदवडकरांना काय बोलायचं होतं तेच आठवेना. शेवटी त्यांनी काकांना आत बोलावलं, चहा दिला आणि टँकरबद्दल जे बोलले ते इतकं शहाण्यासारखं होतं की पुढच्या आठवड्यात आम्ही तसंच केलं.

मी या सोसायटीची सेक्रेटरी. कोणालाच व्हायचं नव्हतं आणि मी त्या मीटिंगला उशिरा पोचले, एवढीच माझी पात्रता. एरवी मी ब्लाउज शिवते आणि शिवायला शिकवते. पाथर्डी फाट्यावर आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा क्लास आहे. माणसं मापात बसत नाहीत हे मला धंद्यामुळे आधीपासून माहीत होतं. पण ढोमसेकाका हे प्रकरण कुठल्याच टेपने मोजता येईना.

मलाही त्यांनी एकदा बंद केलंय. पार्किंगवरून मी जरा तोंड सोडलं होतं. समोरून पंजा आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी बाई बोलतेय आणि हा गृहस्थ तिच्याकडे हात आडवा करतो? मी ठरवलं, या माणसाला आता जिन्यात भेटला तरी ओळख दाखवायची नाही. संध्याकाळी मी कैऱ्या चिरत बसले होते तर दारात काका. चिमटा काढला. "सेक्रेटरीबाई, बोला." मी बोलायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. रागाचं असं आहे, त्याला कोणी वेळ देऊन भेटायला आलं की तो घरात नसतो.

चिमटा मात्र कधी विसरत नाहीत. काका घरातसुद्धा कॉलरचाच शर्ट घालतात, कारण बनियनला चिमटा लावला तर तो टोचतो. बाजारात जाताना चिमटा लावलेला दिसला की आम्ही ओळखतो, कोणीतरी बंद आहे. गॅसवाला, बँकेतली मुलगी, कधी टीव्हीवरचा बातम्या देणारा. टीव्हीवाल्याकडे जाऊन "आता बोला" म्हणता येत नाही, तेव्हा काका रात्रीच्या बातम्या पुन्हा लावतात, चिमटा काढतात आणि त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

हे सगळं आलं ते वरून, आभाळातून. काका उपग्रहवाले. सोसायटीतली पोरं त्यांना सॅटेलाइटकाका म्हणतात. कर्नाटकातल्या एका कंट्रोल सेंटरमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन इथे फ्लॅट घेतला. मूळचे पिंपळगावचे, घरची द्राक्षबाग. "मग पिंपळगावलाच का नाही राहिलात?" असं मी एकदा विचारलं होतं. "इथून सिग्नल चांगला मिळतो," म्हणाले. मला तेव्हा ते पटलंसुद्धा. काकू पुढे दोन-तीन वर्षांत गेल्या. मुलगी बंगळुरूला असते, रोज फोन करते.

काकांचं नेमकं काम काय होतं ते मला माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. मी पोळ्या करत होते आणि काका मेंटेनन्सची पावती घ्यायला आले होते. मी विचारलं, "काका, एवढ्या वर गेलेल्या उपग्रहाला कळतं कसं हो, पृथ्वी कुठल्या बाजूला आहे ते?"

काकांचा चेहरा असा उजळला की पावती राहिली बाजूला. "डोळे मिटा," म्हणाले. "आता तव्यावरून हात फिरवा. उंचावरून, भाजून घेऊ नका. थंड, थंड, गरम, गरम, गरम, थंड. तव्याची कड सापडली की नाही? दोन्हीकडची?"

"सापडली."

"मग मधोमध तवा. झालं. उपग्रह हेच करतो. पृथ्वी उबदार आणि तिच्याभोवतीचं आभाळ थंडगार. रात्र असो, दिवस असो, ऊब सगळीकडून येते. म्हणून त्याला उजेड बघणारा डोळा नसतो, ऊब बघणारा असतो. ऊब कुठे संपते ती कड चाचपायची आणि कडेवरून मध्य काढायचा. आमच्या उपग्रहाला असे चार डोळे होते. चार ठिकाणी चाचपणारे."

मग त्यांनी शेजारच्या शेगडीवरचा चहाचा टोप उचलून तव्याला खेटून ठेवला. "आता पुन्हा फिरवा."

मी फिरवला. गरम संपेचना.

"बघा, तवा केवढा झाला! मध्य सरकला. तुम्ही आता पोळी टोपावर टाकणार. हा टोप म्हणजे चंद्र. नाहीतर सूर्य. फिरत फिरत पृथ्वीच्या कडेला येऊन उभे राहतात आणि डोळ्याला वाटतं, हीसुद्धा पृथ्वीच. त्याच्यावर विश्वास ठेवला की उपग्रह मान वळवतो आणि खाली सगळ्यांचे टीव्ही बंद."

"मग तुम्ही चंद्राला काय करायचात?"

"चंद्राला काय करणार? त्याचा रस्ता आहे तो. आम्ही आधी गणित करून ठेवायचो, कधी येणार, कुठल्या डोळ्यासमोर येणार. तो आला की तेवढा एक डोळा बंद. उरलेल्या तिघांवर काम चालतं. गेला की उघडायचा. आलं ना लक्षात? बंद करणं हे काम नाही. कोणीही करेल. उघडणं हे काम."

त्यांच्याकडे एकदा म्हणे कोणीतरी डोळा उघडायचा विसरला. काका ही गोष्ट सांगताना अजूनही घाम पुसतात. "तीन डोळ्यांवर सगळं सुरळीत चालू होतं, म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही. तेच तर वाईट. बंद राहिलं तरी चालतं, म्हणून बंदच राहतं. मग एक दिवस दुसऱ्या बाजूने सूर्य आला, त्या बाजूचा डोळा बंद करावा लागला आणि उरले दोनच. उपग्रहाला पृथ्वी सापडेना." त्यानंतर काकांनी घरून काकूंचा चिमटा नेला. डोळा बंद करणाऱ्याने कॉलरला चिमटा लावायचा आणि ज्याने बंद केला त्यानेच उघडून मगच तो काढायचा. कॉम्प्युटर आठवण करून देतो, पण माणूस त्या आठवणीवर बोट दाबतो आणि चहाला जातो. कॉलरचा चिमटा घेऊन चहाला गेलं की सगळी कँटीन विचारते.

"ही तव्याची गोष्ट मी पहिल्यांदा आईला सांगितली होती," निघताना काका म्हणाले. "पिंपळगावला, चुलीपाशी. तिला एका फटक्यात कळली. शाळेत गेलेली नव्हती."

माझी पोळी करपली होती ती वेगळीच.

तर असा हा माणूस. कोजागिरीला सगळी सोसायटी गच्चीवर दुधात चंद्र बघते आणि काका चंद्राकडे पाठ करून दूध पितात. "सुंदर आहे, मान्य," म्हणतात, "पण माझा त्याच्याशी नोकरीचा संबंध आहे."

आता द्राक्षांकडे येते. दर वर्षी द्राक्षांच्या दिवसांत पिंपळगावकडून मार्केटला येणारा एक टेम्पो आमच्या गेटशी थांबायचा आणि वॉचमनकडे एक प्लॅस्टिकचं क्रेट उतरवून जायचा. "ढोमसे साहेबांना." कोणी पाठवलं, काही नाही. वरती कागद पसरलेला आणि खाली घडच्या घड, लांबट मण्यांचे, एकेक मणी घासून ठेवल्यासारखा. बाजारात असा माल दिसत नाही, तो बोटीने परदेशात जातो. काका क्रेटकडे बघायचे, कागद नीट करायचे आणि मला हाक मारायचे. "वाटून टाका, सेक्रेटरीबाई. मला द्राक्षं सोसत नाहीत."

मी दारोदार घड वाटायची. चांदवडकर आपला घड शेजारच्यापेक्षा लहान आहे का ते बघायचे. काका एक मणीसुद्धा तोंडात टाकायचे नाहीत.

मात्र रिकामं क्रेट ते मला ठेवू द्यायचे नाहीत. वर नेऊन साबण लावून, ब्रशने खसाखसा घासून धुवायचे आणि बाल्कनीत उपडं घालून वाळवायचे. टेम्पो पुढच्या फेरीला आला की स्वतः खाली येऊन त्याच्या हातात द्यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, क्रेट कोण धुतं? उद्या परत मातीतच जाणार ना ते." काका म्हणाले, "आपल्याकडे वस्तू धुऊन परत देतात."

आणि आणखी एक गोष्ट मी त्यांच्या घरी पाहिली होती. बाल्कनीच्या पडद्याला वरच्या कोपऱ्यात एक लाकडी चिमटा लावलेला असायचा. बाकीचे सगळे चिमटे प्लॅस्टिकचे, रंगीत. हा एकटाच लाकडाचा, काळपट पडलेला, तारेला गंज आलेला. मी विचारलं, "हा कोणाचा?" "जुना आहे." "म्हणजे कोणाला बंद केलंय?" काकांनी सावकाश पंजा उचलला आणि मलाच बंद केलं. तासाभराने उघडायला आले, पण त्या चिमट्याचं नाव काढलं नाही.

यंदा क्रेट आलं नाही.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग रस्त्यावर हातगाड्या लागल्या आणि चांदवडकर म्हणाले, "यंदा आपली द्राक्षं कुठायत?" त्याच सुमारास काका दिवसातून चार वेळा खाली यायला लागले. कधी पेपर आला का बघायला, कधी गेटची कडी कुरकुरते म्हणून तेल घालायला. कडीत इतकं तेल झालं की वॉचमनचे हात चिकट व्हायला लागले. टेम्पोचा आवाज आला की काका मान वर करायचे आणि टेम्पो निघून गेला की पुन्हा कडीकडे बघायचे.

मग मीटिंग झाली. चांदवडकर लिफ्टवरून असे काही गरजले की मुलं खेळायची थांबली. आम्ही सगळे काकांकडे बघतोय. पंजा नाही. चिमटा नाही. काका गेटकडे बघत बसले होते.

मीटिंग संपल्यावर चांदवडकर माझ्यामागे जिन्यात आले. आवाज इतका खाली की मला वाटलं दुसराच कोणी आहे. "ताई, काकांनी आज मला बंद केलं नाही. त्यांची तब्येत बरी नाही का? तुम्ही जरा जाऊन बघता?"

मी दुसऱ्या दिवशी क्लास लवकर सोडला आणि वर गेले. दार उघडंच होतं. काका बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते आणि लाकडी चिमटा त्यांच्या हातात होता.

"हा भावाचा," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. थोरला भाऊ, पोपटराव. वडील लवकर गेले तेव्हा भावाने शाळा सोडून बाग धरली आणि दत्तूला, म्हणजे काकांना, शिकवलं. आई भावाकडेच. आईचं जास्त आहे असा निरोप आला तेव्हा काका कंट्रोल रूममध्ये होते. समोर चंद्र, एक डोळा बंद केलेला, कॉलरला हाच चिमटा. "दुसऱ्याला सांगून निघता आलं असतं. पण ज्याने बंद केला त्याने उघडायचा हा नियम माझाच. चंद्र सरला की निघतो असं घरी कळवलं, थांबलो, चंद्र गेला, उघडला, मग निघालो. तिकडून पिंपळगाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं."

दहाव्याला, सगळ्या भाऊबंदांसमोर, भाऊ बोलला. याला चंद्र सापडतो, आई सापडली नाही.

"तो तापलेला होता हे मला कळत होतं," काका म्हणाले. "मी मनात म्हटलं, त्या बाजूचं आत्ता ऐकायचं नाही. चिमटा लावला. थोडे दिवस जाऊ देऊ, मग उघडू. त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. अजून तापलेलाच असेल म्हटलं. मग फोन थांबले. नोकरी होती, ही होती, मुलगी होती. तीन डोळ्यांवर सगळं चाललं. ही गेली तेव्हा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी लोकांच्या दारात जाऊन उघडतो, सेक्रेटरीबाई. आणि हा राहिला."

"आणि द्राक्षं?"

"तो पाठवायचा. मी क्रेट धुऊन द्यायचो. तेवढंच चालू होतं. यंदा ते आलं नाही." चिमटा त्यांच्या बोटांत उघडत मिटत होता. "न येण्याचे दोन अर्थ. एक म्हणजे त्यानेही मला बंद केलं. दुसरा मी मनात आणत नाही."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात, पण काठी पाण्यातच धरून बसलं तर काय करायचं? मी म्हटलं, "उद्या सकाळी मला ओझरला मैत्रिणीकडे जायचंय. तिथून पिंपळगाव किती लांब आहे? चला गाडीत." ओझरला माझी कोणी मैत्रीण नाही. काकांनाही ते माहीत असावं, पण त्यांनी चौकशी केली नाही.

सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे. कॉलरला लाकडी चिमटा. द्वारका चौक ओलांडला, आडगाव गेलं, काका समोरचा रस्ता बघत होते. उन्हाची तिरीप माझ्या बाजूने आत येऊन त्यांच्या डोळ्यांवर पडत होती, पण त्यांनी हात आडवा धरला नाही. ओझर आलं तसे ते चुळबुळ करायला लागले. "गाडी वळवा. आधी कळवायला हवं होतं. असं अचानक बरं दिसत नाही."

मी डावा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि पंजा डोळ्याच्या कडेला उभा धरला. "त्या बाजूचं आत्ता ऐकायचं नाही."

काका दचकले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "हात खाली घ्या," म्हणाले, "समोर ट्रक आहे."

पिंपळगावच्या अलीकडे हायवे सोडून आम्ही मळ्याच्या रस्त्याला लागलो. काका खिडकीतून रस्ता सांगत होते आणि एकदम थांबले. समोर बाग नव्हती. नांगरलेली काळी जमीन, कडेला मांडवाचे लोखंडी अँगल रचून ठेवलेले आणि तारांची भेंडोळी. काकांचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच राहिला.

घराच्या ओट्यावर एक म्हातारा उपड्या क्रेटवर बसून कांदे निवडत होता. खांद्यावर टॉवेल, पुढ्यात काठी. त्याने गाडी पाहिली, उतरणारा माणूस पाहिला आणि हातातला कांदा हातातच राहिला. मी गाडीपाशीच थांबले. पण तिथून या बाईला काय ऐकू येणार, असा विचार करणाऱ्यांना माझे कान माहीत नाहीत.

म्हाताऱ्याने काकांच्या पायांकडे बघितलं. मग म्हातारा म्हणाला, "चप्पल तिकडं काढ. इथं ओलं हाय."

काकांनी चप्पल काढली. ओट्यापाशी गेले. चिमटा कॉलरवरून काढला, पण खिशात टाकला नाही, मुठीत धरला. आणि सगळ्या सोसायटीच्या दारांत जे म्हणतात तेच म्हणाले, फक्त आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"भाऊ, तुला बंद केलं होतं. आता उघडलंय. बोल."

"काय बोलू?"

"जे असेल ते."

पोपटरावांनी कांदा टोपलीत टाकला. "काय असणार? बाग काढली. गुडघे गेले माझे. पोरं म्हणली, आता बास. काढली. मंग तुला पाठवू काय? कांदे पाठवणार व्हतो. म्हणलं, कांदे बघून हा म्हणायचा, आता मला रडवायला निघालाय. राहू दिलं." त्यांनी बसलेल्या क्रेटवर थाप मारली. "तुझं क्रेट धुऊन यायचं. आख्ख्या पिंपळगावात क्रेट कोणी धुऊन देत नाय. टेम्पोवाला लय हसायचा. मी म्हणायचो, हसू नको, भाऊ हाय तो माझा. क्रेट धुतलेलं आलं म्हणजे दत्तू बरा हाय, एवढं कळायचं मला."

काका ओट्याच्या कडेला टेकले.

"आन् आईचं सांगायचं राहिलं ते राहिलंच," म्हातारा म्हणाला. "दहाव्याला मी बोललो ते बोललो. तापलो व्हतो. पण तिचं सांगायचं व्हतं तुला. फोन केले, तू उचलले नाय."

"काय म्हणाली?"

"त्या दिवशी सारखी एकच. दत्तूचा चंद्र सरला का? मी म्हणलं, आई, तुझं लेकरू येत नाय आन् तुला चंद्राचं पडलंय. तर मलाच बोलली. म्हणे, त्याला मधीच बोलवू नको. डोळा झाकलेला टाकून माणसानं येऊ नये. उघडून येऊ दे त्याला, म्हणे. घाई नाय मला." पोपटरावांचा आवाज तडकला. "मला राग त्याचाच आला व्हता रं. रातदिवस मी उशाशी, आन् जाताना सुदीक बाजू तुझीच."

काकांनी तोंड हातांत झाकलं. मी इतकी वर्षं त्यांचा हात चेहऱ्याच्या बाजूला पाहिला होता, चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. त्यांचे खांदे हलत होते. आईने माफ करून ठेवलं होतं आणि तो निरोप इतकी वर्षं बंद दारापलीकडे उभा होता. मला तिथे उभं राहवेना. मी उगाच गाडीची काच पुसायला लागले, जिच्यावर धूळही नव्हती.

पोपटरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढून भावाच्या अंगावर टाकला. "पूस. सून बघंल." मग काठी टेकत उठले, क्रेट पायाने सरकवून भावाशेजारी आणलं आणि पुन्हा बसले. "आता उघडलंच हायेस तर ऐक," म्हणाले आणि बोलायला लागले. गुडघ्याचं, सुनेचं, बागेवर पडलेल्या भुरी रोगाचं, शेजारच्या बांधाचं, आईच्या आवडीच्या शेवग्याचं. चहा झाला, जेवण झालं, तरी संपेना. काका ऐकत होते. मधे कुठेतरी पोपटराव चांदवडकरांच्याही वरच्या पट्टीत गेले, तरी काकांचे दोन्ही हात मांडीवरच होते.

येताना गाडीत काका एवढंच म्हणाले, "फार बोलतो." आणि ओझर येईपर्यंत हसू लपवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लास उघडत होते तर काका जिन्यातून उतरले. कॉलरला चिमटा. लाकडी.

किल्ली कुलपातच सोडून मी पुढे झाले. "काका, आता कोणाला बंद केलं?"

"कोणाला नाही. हात मोकळे नव्हते म्हणून इथे लावला." त्यांच्या दोन्ही हातांत पोपटरावांचा टॉवेल होता, धुतलेला. "हा चुकून माझ्याबरोबर आला. बाल्कनीत ऊन नाही, म्हणून खाली दोरीवर घालावा म्हटलं." त्यांनी टॉवेल झटकून दोरीवर टाकला, कॉलरचा चिमटा काढून त्याला लावला आणि दोन पावलं मागे येऊन बघत उभे राहिले. मग पुढे जाऊन हात लावून पाहिला. मग पुन्हा.

"परत द्यायला हवा," म्हणाले. "आपल्याकडे वस्तू धुऊन परत देतात. तुमची ती ओझरची मैत्रीण... तिच्याकडे आज जायचंय का तुम्हाला?"

"अहो, ओला आहे अजून तो. वाळू तर द्या."

काकांनी चिमटा काढला आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"रस्त्यात वाळेल," म्हणाले. "चला."